पिवळा बल्ब

“साठचा पिवळा बल्ब आहे काय?” असं विचारलं की कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या दुकानातला पोरगा आधी माझ्या तोंडाकडं बघतो आणि मग आत बसलेल्या म्हाताऱ्याला हाक मारतो. म्हातारा काउंटरखाली वाकतो, धूळ बसलेला खोका ओढतो, एक बल्ब काढून कानाशी हलवून बघतो. आतली तार वाजत नाही याची खात्री झाली की कागदात गुंडाळून देतो. देता देता म्हणतो, “पिल्ली आणलीसा व्हय?”

दुसऱ्या कशाला मागणार कोण? घरोघरी एलईडी लागले. एलईडीचं कौतुकच हे की उजेड पडतो आणि बल्ब फारसा तापत नाही. जुन्या तारेच्या बल्बाचं उलटं. खाल्लेल्या विजेतली ९० टक्क्यांच्या वर वीज तो नुसती तापण्यात घालवायचा, उजेड म्हणजे वरची मिळकत. या खोडीपायी त्याला घरातून काढलं आणि या खोडीपायीच मी त्याला हुडकत फिरते.

आमच्याकडं पिल्लं पहिल्यांदा आली ती २०१९च्या डिसेंबरात. त्याच्या आदल्या वर्षी मामंजी गेले आणि आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, गारगोटीकडचं गाव सोडून कायमच्या आमच्यात राहायला आल्या. आमच्या घरी नळ, गॅस, टीव्ही सगळं होतं. सकाळी उठून बघावं असं मात्र काही नव्हतं. आत्तींनी बरेच दिवस काढले आणि एका सकाळी कपबशी खाली ठेवत म्हणाल्या, “दोन कोंबड्या आण गं. उठून काय बघू मी? तुमची गाडी?”

घरामागं परडं आहे. आळूचा वाफा आणि शेवगा सोडला तर मोकळंच. मी हो म्हटलं. पण अंड्यावर आलेल्या गावरान कोंबडीचा भाव ऐकला आणि माझं हिशेबी डोकं चाललं. तेवढ्या पैशात एका दिवसाची गिरिराज जातीची २५ पिल्लं येत होती. आत्तींनी कोंबड्या मागितल्या होत्या, मी पिल्लं सांगून आले. या दोहोंत किती रात्रींचं अंतर असतं ते मला ठाऊक नव्हतं.

चपट्या पुठ्ठ्याच्या खोक्यात १०० पिल्लं येतात. आत आडवी-उभी पट्टी घालून चार कप्पे केलेले असतात, दर कप्प्यात २५. सगळी एकत्र सोडली तर गाडीच्या हिसक्याला एका बाजूला ढीग होतो, अगदी थोडी ठेवली तर एकमेकांच्या अंगाची ऊब पुरत नाही. विक्रेत्यानं एक कप्पा माझ्या पाटीत ओतला. हो, ओतलाच. शेंगा ओततात तसा.

घरी आल्यावर आत्तींनी पाटीत डोकावून पहिला प्रश्न केला, “आई कुठाय ह्यांची?”

“मशीनमधली आहेत, आत्ती. मशीनमध्येच उबवत्यात.”

“मशीन झालं गं. पण आई?”

मी सांगायला लागले. मशीनमध्ये साडेसदतीस अंशावर २१ दिवस अंडी ठेवतात, मशीनच ती फिरवतं. अंड्यातून बाहेर पडायच्या आधी पिल्लू आतला उरलेला पिवळा बलक बेंबीतून पोटात ओढून घेतं. त्या शिदोरीवर ते दोन-तीन दिवस दाणापाण्याशिवाय काढू शकतं. कोंबडीखाली सगळी अंडी एका घटकेला फुटत नाहीत, म्हणून ही सोय. आधी आलेल्यांनी थांबायचं, मागच्यांची वाट बघायची, तोवर आईला उठावं लागू नये. माणसानं ती शिदोरी बघितली आणि पिल्लं खोक्यात घालून गावोगाव धाडायला लागला.

आत्तींना शिदोरी पटली. म्हणाल्या, “खाण्याचं झालं. थंडीचं काय?”

त्याचं उत्तर माझ्याकडं एका फ्रिजच्या खोक्याच्या रूपात होतं. शेजारच्या वहिनींकडं नवा फ्रिज आला होता. खोकं आडवं पाडलं, वरची बाजू कापली, आत वर्तमानपत्र अंथरलं, एका अंगाला साठचा बल्ब सोडला. बशीत पाणी, ताटलीत मक्याची भरड. पाण्यात गुळाचा खडा विरघळवला, प्रवास करून आलेल्या पिल्लांना पहिलं पाणी गुळाचं देतात. एकेकाची चोच पाण्यात बुडवून दाखवली. आई नसली की पाणी म्हणजे काय हेही कुणीतरी दाखवावं लागतं. रात्री दहाला सगळी बल्बाखाली गोळा होऊन झोपली आणि मीही झोपले.

रात्री कधीतरी लाइट गेली, पहाटे आली. सकाळी खोक्यात बघितलं तर बल्ब जळत होता, पिल्लं दाणे टिपत होती आणि कोपऱ्यात सहा पडली होती. कुठं जखम नव्हती, चोचीला काही नव्हतं. नुसती चपटी झालेली. गारठ्यानं मेली म्हणावं तर तसंही नाही. अंधार झाल्यावर सगळी ऊब हुडकत कोपऱ्यात शिरली, मागून आलेली पुढच्यांवर चढली. खालच्या सहांना ऊब मिळाली, श्वास मिळाला नाही.

मी रडले का? रडले. वट्ट अडीचशे रुपयांचा माल, पण रडले. आत्ती काही बोलल्या नाहीत. त्यांनी शेवग्याच्या आळ्यात खड्डा केला आणि सहाही पिल्लं पुरून टाकली.

ह्यांनी मात्र खोक्यासमोर उकिडवं बसून कोपऱ्यात बोट फिरवलं. उद्यमनगरात ह्यांचं निम्मं आयुष्य गेलंय, आधी ओतकामात, मग लेथवर. म्हणाले, “कोपराच नको. ओतकामात पण आतला कोपरा धारदार सोडला की जॉब तिथंच चिरतोय. म्हणून पॅटर्न करतानाच कोपरा गोल घेत्यात.” लोखंडाचा आणि पिल्लाचा काय संबंध, असं मी त्या वेळी चिडून म्हटलं. संबंध होता. गर्दी असो नाहीतर ताण असो, अडकायला जागा मिळाली की तो तिथंच अडकतो.

संध्याकाळी ते स्कूटरवर दहा फुटी पत्र्याची गुंडाळी घेऊन आले. दीड फूट रुंद, दोन्ही कडा मुडपलेल्या, बोट कापू नये म्हणून. पत्र्याच्या टोकांना ओळीनं भोकं पाडलेली. पहिल्या भोकात बोल्ट घातला की लहान गोल, शेवटच्यात घातला की मोठा. पिल्लं वाढतील तसा गोल वाढवायचा. सोबत एक जुनं घमेलं. त्याच्या बुडाला भोकं पाडून दोन होल्डर बसवले होते, एक साठचा, एक चाळीसचा. दोन का, तर एक उडाला तरी रात्र निघावी. नंतर कळलं की एका पिल्लामागं एक-दोन वॅट असा एक ढोबळ हिशेब कुक्कुटपालनवाले धरतात, त्या हिशेबानं एकटा चाळीसचाही पुरला असता. घमेलं पालथं करून साखळीनं छताच्या आकड्याला टांगलं. वायरला टांगायचं नाही, हे ह्यांनी तीनदा बजावलं. तापलेला बल्ब तुसात पडला की कोंबड्या तर जातातच, घरही जातं. साखळीशिवाय वेगळी बांधतार पण घातली.

खाली तूस. गिरणीतून भाताच्या तुसाचं पोतं आणलं आणि चांगलं दोन-तीन बोटं जाड पसरलं. वर्तमानपत्राची चूक तोवर एका पिल्लानं दाखवून दिली होती. गुळगुळीत कागदावर त्याचे पाय दोन बाजूंना फाकत गेले, पोटावर पडून ते पोहल्यागत हातपाय मारत होतं. अशा पिल्लाचे पाय पहिल्या एक-दोन दिवसांतच बांधले तर सुधारतात. जखमेला लावतात त्या चिकटपट्टीची बारीक फीत कापली, एका पायाला वेढा, मध्ये बोटभर अंतर, दुसऱ्या पायाला वेढा. बेडी घातलेल्या कैद्यागत दिसायला लागलं. पहिल्यांदा उभं राहिलं ते नाकावर पडलं. दुसऱ्यांदा मागं बसलं. तिसऱ्या दिवशी फीत काढली तेव्हा ते पळालं ते थेट दुसऱ्याच्या चोचीतला किडा ओढायला.

पाण्याचं भांडं पोराच्या शाळेतल्या विज्ञानानं केलं. बशीत पिल्लं पाय घालतात, भिजतात आणि भिजलं की गारठतात. म्हणून प्लॅस्टिकच्या डब्याच्या तोंडापाशी भोक पाडलं, डबा पाण्यानं भरला, वर ताटली ठेवून पालथा केला. भोक ताटलीच्या काठापेक्षा खाली हवं, एवढीच मेख. पाणी भोकाच्या वर चढलं की आत हवा जात नाही आणि पाणी थांबतं. पिल्लांनी पाणी प्यालं, भोक उघडं पडलं की गुळुक करून एक बुडबुडा वर जातो आणि तेवढंच पाणी खाली येतं. त्या गुळुकला पिल्लं पहिल्या दिवशी दचकायची. ताटलीत आत्तींनी नदीतले खडे टाकले, कुणी बुडू नये म्हणून.

आणि थर्मामीटर. तो मी आणला. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीला ९५ फॅरनहाइट, म्हणजे ३५ सेल्सिअस पाहिजे आणि पुढं दर आठवड्याला पाचेक फॅरनहाइट उतरवायचं, असा नियम आहे. मी वहीत तक्ता आखला. सकाळ, दुपार, रात्र. आत्तींना तो काचेचा तुकडा अजिबात आवडला नाही. “तापायला पिल्ली तापत्यात, आकडा कशाला बघालीस?” असं म्हणून त्या पत्र्याशेजारी पाट टाकून बसायच्या.

एका रात्री थर्मामीटर ९५ दाखवत होता आणि आत्ती म्हणाल्या, “गारठल्यात.”

“बरोबर आहे की आत्ती, हे बघा.”

“कान हायत न्हवं तुला? ओरडाल्यात कशी बघ.”

कान दिला. खरंच, आवाज वेगळा होता. पोट भरून ऊब मिळालेली पिल्लं आपल्याशीच बोलल्यागत बारीक कुलकुलतात. हा आवाज टोचणारा, एका सुरात, थांबत नव्हता. सगळी पिल्लं पत्र्याच्या एका अर्ध्या भागात गोळा झाली होती आणि दुसरा अर्धा भाग रिकामा. मी थर्मामीटर भरल्या बाजूला टांगला होता. रिकाम्या बाजूला हात धरला तर दाराच्या फटीतून वाऱ्याची सुरी येत होती. दाराला पोतं लावलं. पाच मिनिटांत आवाज बसला.

त्या रात्रीनंतर मी आकड्याआधी मांडणी बघायला शिकले. सगळी बल्बाखाली गठ्ठा करून असली तर ऊब कमी. पत्र्याला चिकटून, पंख पसरून, चोची उघड्या टाकून असली तर उकडतंय. एका अंगाला दाटली तर दुसरीकडून वारं. आणि रांगोळीच्या ठिपक्यांगत सगळीकडं विखुरली, दोन खातायत, चार पळतायत, बाकीची झोपलीत, तर काही करू नका. झोपलेलं पिल्लू पहिल्यांदा बघाल तर तुमच्याही काळजाचं पाणी होईल. पाय मागं ताणलेले, मान जमिनीवर लांब टाकलेली, मेलंच म्हणावं. बोट लावलं की रागानं उठून बसतं.

या सगळ्यात मला उलगडलेली एक गोष्ट आहे, आणि ती कुठल्या तक्त्यात नाही. मी समजत होते की पिल्लांना सगळीकडून ऊब द्यायची असते. म्हणून पहिल्या खोक्यावर मी पांघरूण टाकलं होतं. पण कोंबडी काय करते? ती एका जागी बसते. तिच्या अंगाखाली ऊब, बाहेर गार. पिल्लू बाहेर जातं, दाणा टिपतं, गारठलं की परत पंखाखाली शिरतं, तापलं की डोकं बाहेर काढतं. ती कुणाला धरून ठेवत नाही. कोंबडीचं अंग आपल्यापेक्षा गरम, ४१ अंशांच्या आसपास, पण पिल्लाला ते किती घ्यायचं हे पिल्लूच ठरवतं. म्हणून घमेलं मधोमध आणि पत्र्याकडंला गार ठेवायचं. दाणा-पाणी ना बल्बाखाली, ना अगदी लांब. ऊब दिली की झालं असं नाही, तिच्यातून उठून जायला जागाही ठेवायची. हे मी ह्यांना सांगितलं तेव्हा ते घमेल्याकडं बघत म्हणाले, “मग आपल्या पोराला स्वेटर घाल म्हणून सकाळी कोण ओरडत असतंय?” विषय तिथंच संपला.

आता कुणाला वाटेल, मशीन वाईट आणि जुनी कोंबडी चांगली असं मी म्हणतेय. तसं काही नाही. आत्तींना मी एकदा विचारलं, गावाकडं खुडूक कोंबडीखाली बारा अंडी ठेवली तर किती पिल्लं मोठी व्हायची? त्यांनी बोटं मोडली. दोन घारीनं, एक मुंगसानं, एखादं आईच्याच पायाखाली, आणि उन्हाळ्यात मानमोडी आली तर मग मोजायचंच नाही, खुराडंच रिकामं. “चार उरली तर लई.” बारातली चार. माझी पंचवीसातली सहा पहिल्या रात्री गेली म्हणून मी रडत होते आणि त्या बाईनं आयुष्यभर हा हिशेब मुकाट्यानं पचवला होता. शिवाय गिरिराजसारख्या सुधारित जातींची निवड अंड्यासाठी, वजनासाठी झालेली. खुडूक बसायचं म्हणजे अंडी घालणं थांबवून तीन आठवडे बसून राहायचं. तो गुण माणसाला परवडत नव्हता, त्यानं तो पिढ्यान्‌पिढ्या मागं टाकला. या पिल्लांची आई घरात असती तरी बसली नसती. आईला बसायचं विसरायला लावलं आपणच आणि आता बल्ब हुडकत फिरतोय आपणच.

मानमोडीचा विषय निघालाच आहे तर लशीचं सांगते. या रोगाला पुस्तकात उत्तराखंडातल्या राणीखेत गावाचं नाव आहे. सातव्या दिवशी लासोटा लशीचा एक थेंब डोळ्यात घालायचा. अडचण ही की आम्हाला मिळाली ती बाटली १०० पिल्लांची आणि आमची उरली होती एकोणीस. औषध कालवलं की तासा-दोन तासांत संपवावं लागतं. शेवटी गल्लीत, मागच्या मळ्यात निरोप धाडले. कुणी पाटीत, कुणी पिशवीत, एक आजोबा तर टोपीत पिल्लं घेऊन आले. बाटली बर्फाच्या थर्मासमध्ये, मी थेंब सोडणार, पोरगा मोजणार. पिल्लू डोळा मिटतं, उघडतं, थेंब आत गेला की गिळल्यागत चोच हलवतं. तोवर हातातून सोडायचं नाही. त्या दिवशी गल्लीतल्या निम्म्या बायका माझ्याशी पहिल्यांदा पाच मिनिटांच्या वर बोलल्या.

दर आठवड्याला साखळीची कडी वर. हे आत्तींचं काम झालं. थर्मामीटरला नावं ठेवणाऱ्या आत्ती रविवारी सकाळी अंघोळ करून ह्यांना हाक मारायच्या, “कडी चढव रे.” पहिल्या आठवड्यातच पंखांना काड्या फुटल्या, मग शेपटी, मग पाठ. तिसऱ्या आठवड्यात पिल्लं इतकी विद्रूप दिसतात की विचारू नका. अर्धं लव, अर्धं पीस, मान उघडी. एकमेकांची शेपटी टोचायला लागली म्हणून चाळीसचा बल्ब लाल लावला, लाल उजेडात टोचणं कमी होतं. पाचव्या आठवड्यात पिसं भरली आणि बल्ब बंद.

मार्च आला तेव्हा कोंबड्या तीन महिन्यांच्या, अंगानं भरलेल्या. रस्त्यानं जाणारा येणारा “रस्सा कधी वहिनी?” विचारायचा. कोल्हापुरात कोंबडी पाळली की लोकांना पुढचं ताटच दिसतं, त्यात त्यांचा दोष नाही. आणि नेमका त्याच वेळी कोंबडीतून कोरोना होतो म्हणून गावभर बोंब झाली. खोटीच होती, पण चिकनचा भाव कोसळला, पोल्ट्रीवाल्यांनी पक्षी मातीमोल विकले. आमच्या दारात रस्सा विचारायला कोणी फिरकेना. लॉकडाउन सुरू झालं आणि आत्तींना सकाळी उठून बघायला एवढं मिळालं की त्यांनी टीव्हीचा रिमोट मागितला नाही.

दुसरी खेप २०२१च्या जुलैची. या वेळी मी शहाणी होते. पत्रा, घमेलं, तूस, सगळं दोन दिवस आधी मांडून, बल्ब लावून गरम करून ठेवलेलं. पंचवीस आली, पंचवीसच्या पंचवीस पहिली रात्र जगली. आणि चौथ्या दिवशी पाऊस असा लागला की थांबेना.

पावसाळ्यात कोल्हापूरचा माणूस एकमेकाला कसं काय विचारत नाही, “किती फुटावर आलंय?” विचारतो. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. २०१९चा महापूर सगळ्यांच्या अंगात होता. त्या दोन दिवसांत आमच्या घरात दोनच आकडे चालले. पोरगा मोबाइल बघून फूट सांगायचा, मी पत्र्यात वाकून अंश. पाणी पन्नास फुटांच्या पुढं गेलं, गगनबावड्याचा रस्ता बंद, शिरोलीला हायवे बंद. आमची गल्ली उंचावर, पाणी खालच्या वळणाशी थांबलं होतं. नळ कोरडे आणि बाहेर सगळीकडं पाणी. आणि मग लाइट गेली. दहा-पंधरा मिनिटं नाही, गेलीच.

घमेल्यात हात घातला तर पंधरा मिनिटांत लोखंड गार. पिल्लांचा तो टोचणारा आवाज सुरू झाला. शेजारच्या मामांनी कोळशाची शेगडी आणून दिली. ह्यांनी ती दारातच थांबवली. “बंद खोलीत कोळसा नको. भट्टीवर बघितलंय मी, वास नसतोय, धूर नसतोय आणि माणूस बसल्या जागी पडतोय.” मग?

आत्ती उठल्या. माळ्यावरून सत्यनारायणाचा चौरंग काढायला लावला. आपल्या अंगावरची वाकळ काढली. गावाकडून आणलेली, जुन्या लुगड्यांची, मामंजींच्या धोतराचा एक पट्टा आत असलेली. मला म्हणाल्या, “कात्री आण.”

“आत्ती, वाकळ नको.”

“आण म्हणतो न्हवं.”

वाकळीच्या दोन बोटं रुंद पट्ट्या कापल्या आणि चौरंगाच्या चारी बाजूंना खिळ्यांनी टांगल्या, खाली तुसाला टेकतील अशा. गॅसवर पाणी तापवलं, दुधाच्या दोन किटल्या भरून झाकण घट्ट बसवलं, पोत्यात गुंडाळून चौरंगाखाली सारल्या. एक पिल्लू उचलून आत्तींनी त्या पट्ट्यांत ढकललं. ते आत गेलं, क्षणभर आवाज नाही, मग पट्टीतून नुसतं डोकं बाहेर. मग दुसरं आपणहून. दहा मिनिटांत पत्रा रिकामा दिसायला लागला आणि चौरंगाखालून कुलकुल ऐकू आली. मी वाकून मेणबत्तीनं बघितलं. निळ्या लुगड्याच्या पट्टीखाली तीन, धोतराच्या पट्टीखाली पाच, एकमेकांच्या पाठीवर मान टाकून.

दर अडीच तासांनी किटल्या बदलायच्या. रात्री दोनला मी, साडेचारला हे. गॅसचं सिलिंडर उचलून हलवून बघायचं, किती उरलंय. नळ नाही म्हणून तेच पाणी परत तापवायचं. दुसऱ्या रात्री मला झोप लागली, एक फेरी चुकली, आणि सकाळी किटलीला टेकून एक गेलेलं होतं. बाकी चोवीस. आत्ती त्या दोन रात्री चादर लपेटून पत्र्याशेजारी बसल्या. थंडी वाजतेय का विचारलं तर म्हणाल्या, “इथं ऊबच हाय की.” त्यांचे दोन्ही पाय चौरंगाच्या पट्ट्यांखाली होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी लाइट आली. पाणी उतरायला लागलं. पुढं एक पिल्लू घुशीनं नेलं, पत्र्याखालून उकरून. त्यानंतर खाली जाळी अंथरली. उरली तेवीस.

पाचवा आठवडा संपला तसं ह्यांनी घमेलं उतरवलं, पत्रा सोडवला. परड्यात खुराडं तयार होतंच, दांडी ठोकलेली, बाहेर फिरताना झाकायला बुरूड गल्लीतून डालगं आणलेलं. पण मी पहिल्या खेपेचा अनुभव विसरले नव्हते. आठवडाभर रात्री त्यांना त्याच खोलीत ठेवायचं ठरवलं आणि दांडी आत आणली. अंधार पडला, टॉर्च मारून बघितलं तर दांडी रिकामी. सगळीच्या सगळी जमिनीवर, घमेलं जिथं टांगलेलं असायचं बरोबर त्याच्याखाली. वर नुसता मोकळा आकडा. मी एकेकाला उचलून दांडीवर ठेवायला लागले. तेविसावं ठेवलं तोवर पहिली चार उतरून परत खाली.

“ऱ्हाऊ दे,” आत्ती दारातून म्हणाल्या. “सवय मोडाय वेळ लागतोय.”

आठवडा झाला तरी ऐकेनात. रोज दोन-चार जास्त दांडीवर, बाकीची आकड्याखाली. अकराव्या रात्री बघितलं तर वर बावीस आणि खाली एकच. मान पंखात घालून, आकड्याच्या नेमकं खाली, सरळ रेषेत.

मी खोलीत येऊन विचारलं, “एकट्यासाठी बल्ब लावू काय हो?”

ह्यांनी कूस बदलली. आतून आत्तींचा आवाज आला, “चाळीसचा लाव. साठचा नको.”